भ्यालेलं फूल

कपाशीच्या फुलाला कुणी भ्यावं? ते देवाला कुणी वाहत नाही, कुणी केसांत माळत नाही. सकाळी उमलतं, दुपारभर उघडं राहतं, दिवस कलताना मिटतं आणि दुसऱ्या दिवशी लालसर पडून गळून जातं. शेतकरी त्याच्याकडे बघतो तो मागून येणाऱ्या बोंडासाठी. असं हे कामापुरतं फूल. पण आश्विन लागला, बोरीच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी कपाशी पिवळी झाली, आणि काल भर दुपारी मी मान खाली घालून त्या रस्त्यानं चाललो होतो. सोबतच्या पोरांनी विचारलं, "वसंता, काय हरवलं का?" मी म्हटलं, चप्पल चावायलीय.

निजामी जाऊन महिना झाला. नाक्यावर आता कुणी अडवत नाही. ज्या चावडीसमोरून जाताना आम्ही श्वास धरायचो, तिथे परवा म्हातारे लोक पान खात बसले होते. मग मी का भितो? मी तर पत्रकं लिहिणारा माणूस. 'उठा', 'जागे व्हा', 'धिक्कार असो' ही माझी बाराखडी. माझ्या वाक्यांना उद्गारचिन्हाशिवाय उभं राहता येत नाही. असल्या माणसानं फुलाला भ्यायचं म्हणजे लाजच. म्हणून ते लिहून काढतो आहे, आणि जमेल तितकं न ओरडता.

गेल्या वर्षीचा आश्विन मला आवाजांनी आठवतो. जिंतूरकडून येणारी लॉरी चढावर घरघरली की रानात निंदणाऱ्या बायकांची खुरपी थांबायची. लॉरी पुढे निघून गेली की खुरपी परत चालायची, पण मधेच तुटलेलं बोलणं तुटलेलंच राहायचं. गावात दुपारी बाराला दारांना कड्या असायच्या. लहान पोरं रडताना तोंडावर हात घ्यायला आपोआप शिकली होती; त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि भीतीला वास असतो, हे मला तेव्हा कळलं. ज्वारीच्या कणगीमागे सहा-सात माणसं घटकाभर दाटीनं बसली, की जो येतो तो. अजून आत्याच्या घरी कणगीजवळ गेलो की तो येतो. ज्वारी नवी आहे, कणगी सारवलेली आहे, तरी येतो.

तिकडे देश मोकळा झाला होता. झेंडे लागले, पेढे वाटले, सगळं आम्ही ऐकलं. ते स्वातंत्र्य वऱ्हाडच्या हद्दीपर्यंत आलं आणि तिथेच बसलं. आमच्याकडे काय आलं? खाकी कपड्यातल्या टोळ्या आल्या, झडत्या आल्या, आणि 'सब ठीक है' म्हणणारे हुकूम आले. माझं रक्त तापायचं. कॉलेज सोडून मी बोरीला आत्याकडे येऊन राहिलो होतो. गावाला सांगितलेलं, की पोराचं शिक्षणात डोकं चाललं न्हाई, आता शेती बघायलाय. खरं काम वेगळं होतं. मजकूर लिहायचा, येलदरीच्या बाजूनं नदी उतरून हद्दीपलीकडे पोचवायचा, आणि छापून आलेली पत्रकं सरकीच्या पोत्यांत घालून परत आणायची.

आत्याच्या ओसरीलगतच्या खोलीत महालिंग मास्तर राहायचे. शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणजे पोरांकडून पेरू आणि तांब्या काढून घ्यायचे. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. गळ्यात लिंग. सकाळी आंघोळ करून ते डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसत आणि नुसतं बघत राहत. ओठ हलायचे नाहीत. मला त्याचा राग यायचा. एवढा वेळ माणसानं नुसतं बघत बसायचं? तेवढ्यात माझी दोन पानं लिहून होतात!

त्या दिवसांत त्यांचं एक नवीन सुरू झालं. पूजा झाली की ते बांधावरून तोडून आणलेलं कपाशीचं फूल त्याच डाव्या तळहातावर घ्यायचे आणि तसंच बघत बसायचे. देशी कपाशीचं फूल. पिवळं, आणि आत खोल तळाशी रक्ताच्या रंगाचा डाग. त्यांची बायको गिरजाकाकू दारातून म्हणायची, "अहो, आता त्याला बी भस्म लावताव का?" मास्तर हसायचेसुद्धा नाहीत.

मी त्यांच्याकडे चित्र मागितलं. पत्रकाच्या पहिल्या पानावर घालायला. वळलेली मूठ, तुटलेली बेडी, असं काहीतरी.

"मला मूठ काढता येत न्हाई रे," मास्तर म्हणाले.

"कशी येत न्हाई? तुमी ड्रॉइंग मास्तर."

"माझी कधी वळली न्हाई. जे हाताला म्हाईत न्हाई ते काढलं तर हातमोजा दिसंल."

आठवड्यानं त्यांनी मला खोलीत बोलावलं. भिंतीवर शाळेतून टाकून दिलेला एक कापडी नकाशा उलटा टांगला होता. पुढून निजामाचं अख्खं राज्य, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर फूल काढलेलं. रंग बाबूमियाँ रंगाऱ्याचे, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेले. लाल हिंगूळ, पिवळी पेवडी, आणि कंदिलाची काजळी डिंकात कालवून.

त्या चित्राचं मी आता जे सांगतो ते नीट सांगायला हवं, कारण ते चित्र आज कुठेच नाही. फूल माणसाच्या छातीएवढं होतं. देठ नाही, पान नाही. पिवळा होता, पण तो रानातला पिवळा नव्हता. काविळीच्या डोळ्यांत असतो तो. पाकळ्या पाच, पण एकही दुसरीसारखी नाही. वरच्या दोन आत ओढलेल्या, बाई तोंडात पदर कोंबते तशा. खालची एक इतकी ताणलेली की आता फाटेल. आणि मधोमध तो लाल डाग. खऱ्या फुलात बोटाच्या पेराएवढा असतो, इथे निम्म्या फुलाला खाऊन बसलेला. आवाज न निघालेलं उघडं तोंड. भोवताली काळं होतं. अंधार नव्हे, भर उन्हातली काळी जमीन. कुंचल्याचे फटकारे एवढे जाड, की हात फिरवला असता तर खरचटलं असतं.

मी एक पाऊल मागे सरलो. मग, असल्या वेळी माझं होतं तेच झालं. मी चिडलो.

"मास्तर, लोक मरायलेत आन् तुमी फुलं काढायलाव?"

"फूल कुठं काढलंय," ते म्हणाले. "हैदराबादला मी शिकायलो तवा एका मास्तरानं सांगितलं हुतं. वस्तू दिसती तशी काढणं येगळं, आन् बघताना आपल्याला जे हुतंय ते काढणं येगळं. दुसरं मला तवा कळलं न्हाई. आत्ता कळायलंय."

"काय हुतंय तुमाला?"

"भ्या वाटायलंय, वसंता. लय भ्या वाटायलंय."

मी ताडकन म्हटलं, भीती दाखवायची नसते, घालवायची असते! हे माझ्याच एका पत्रकातलं वाक्य होतं. मास्तरांनी ते वाचलेलं असावं, कारण त्यांनी फक्त मान हलवली.

पण चित्रानं माझं ऐकलं नाही. पहिल्यांदा आत्या आली, दाण्याचं सूप घेऊन. बघून उभीच राहिली. म्हणाली, "अगं बाई, हे तर भ्यायलंय की." मग शेजारचे किराणावाले काशीनाथअप्पा आले. ते आधी हसले, "मास्तर, हे फूल हाय का पिकल्यालं वांगं?" आणि मग खाली बसून, कुणी न विचारता सांगू लागले, की टोळी आली त्या दिवशी ते दुकानाची फळी आतून धरून उभे होते आणि धोतर ओलं झालं होतं. अप्पा! गावात सगळ्यांना दम देणारे अप्पा! पुढच्या चार-सहा दिवसांत बायका येत राहिल्या. विरजण मागायला, सुई मागायला. चित्रापुढे उभ्या राहायच्या आणि बोलू लागायच्या. कुणी कोणत्या विहिरीत उतरून बसलं, कुणाचा लेक हद्दीपलीकडे गेला तो जिवंत आहे का. मास्तर काही विचारत नसत. एका कोपऱ्यात बसून ऐकत.

ठाण्याचा जमादारही एकदा येऊन बघून गेला. दारातूनच म्हणाला, "क्या मास्टर, गोभी का फूल बनाये क्या?" मास्तर म्हणाले, "जी." जमादार मिशीतल्या मिशीत हसून निघून गेला. मुकं फूल. त्याच्यावर कोणतं कलम लावणार?

मला हे सहन झालं नाही. खरं सांगतो, मत्सर वाटला. माझी पत्रकं लोक चुलीत घालायचे, भीतीनं असेल, पण घालायचे. आणि या फुलापुढे रडत होते. मी म्हटलं, या चित्राची ताकद वाया जाते आहे. त्याचा अर्थ कुणीतरी सांगायला पाहिजे. लोकांना नुसतं वाटून काय उपयोग, कळलं पाहिजे! पत्रकवाल्याला असंच वाटतं. उघडं वाक्य दिसलं की तो त्याला टोपी घालतो.

एका बैठकीत मी ते लिहून काढलं. 'बोरीचे फूल काय म्हणते?' पहिलीच ओळ अशी: 'बोरीच्या एका चित्रकाराने काढलेले कपाशीचे हे फूल म्हणजे जुलमाचा जिवंत पुरावा होय!' पुढे रंगांची उकल. पिवळा म्हणजे भयग्रस्त रयत. लाल म्हणजे सांडलेले निरपराध रक्त. काळा म्हणजे हे राज्य. आत ओढलेल्या पाकळ्या म्हणजे आमच्या आयाबहिणी. एकूण एक गोष्टीला मी चिठ्ठी डकवली. मास्तरांचं नाव घातलं नाही, आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटली. बोरीत चित्र काढणारा दुसरा माणूस कोण होता? हे लिहिताना माझ्या डोक्यात आलं नाही. आज कुणी विश्वास ठेवणार नाही, पण खरंच आलं नाही. मला वाक्यं दिसत होती, माणूस दिसत नव्हता.

मास्तरांना विचारलंही नाही. छापून आल्यावर दाखवू, खूश होतील, असं मला वाटलं होतं.

छापून आलं, आणि माझ्याआधी अमीनसाहेबांच्या, म्हणजे ठाण्याच्या फौजदाराच्या, हातात पडलं.

दिवाळीला आठ-दहा दिवस होते. दुपारची वेळ. मी आत्याच्या अंगणात वैरणीच्या पेंढ्या रचत होतो. लॉरीचा आवाज चढावर आला, पुढे गेला नाही, थांबला. अमीन, जमादार आणि दोन जवान थेट मास्तरांच्या खोलीत शिरले. मला जवानानं अंगणातून आत ढकललं, साक्षीला म्हणून. अमीनसाहेब फुलापुढे उभे राहिले. हातात पत्रक. ते बोरीतल्या फुलाबद्दल आहे एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं; त्यांना मराठी बोललेली कळायची, वाचता यायची नाही. त्यांनी जमादाराकडे बघितलं. जमादारालाही येत नव्हती. मग ते माझ्याकडे वळले.

"तू. पढना आता?"

मी म्हटलं, "थोडं थोडं, साब."

"पढ."

आणि माझं पत्रक माझ्या हातात आलं.

मला अडखळायचं होतं, शेतमजुरासारखं; आणि अडखळायला कष्ट पडले नाहीत. "बो... बोरीच्या... एका..." प्रत्येक ओळीला अमीन हात वर करायचे, चित्राकडे जायचे आणि तो रंग बोटानं शोधायचे. मी वाचलं, पिवळा म्हणजे. त्यांनी पिवळ्यावर बोट ठेवलं. मी वाचलं, लाल म्हणजे. त्यांनी लालवर बोट ठेवलं. मी वाचलं, काळा म्हणजे हे राज्य, आणि त्यांनी आधी काळ्यावर बोट ठेवलं, मग नकाशा उलटून पुढची बाजू बघितली, मग परत मागची. गिरजाकाकू चुलीपाशी हातात उलथनं धरून उभी होती, तव्यावरची भाकरी जळत होती आणि कुणालाही ती उलटायचं भान नव्हतं.

"ये किसने लिखा?" अमीननी विचारलं. मास्तरांना नाही, खोलीला.

माझ्या डोक्यात उठा नव्हतं, जागे व्हा नव्हतं. फक्त एवढंच होतं, की माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई आहे आणि ती मी मुठीत घेतली आहे.

मास्तर सावकाश म्हणाले, "म्हाईत न्हाई, साब. पर ज्यानं लिव्हलं त्याला चित्र कळलं न्हाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. त्यांना दंडाला धरून नेलं, नकाशा गुंडाळून नेला. लॉरी निघाली तेव्हा गिरजाकाकूनं ती जळकी भाकरी तव्यावरून काढली, हातातच धरून दारात आली आणि मला म्हणाली, "वसंता, त्यांच्या पायात चप्पल न्हाई रे."

त्यानंतरचं वर्ष मी पत्रकं लिहिली, जास्तच लिहिली. हद्दीपलीकडे लोक मला धाडसी म्हणायचे. बोरीला आलो की गिरजाकाकू ताट वाढायची. मास्तरांचा तुझ्यावर जीव होता, म्हणायची. मी जेवायचो. तोंडात घास असताना कितीदा तरी ओठांवर आलं, काकू, ते मी लिहिलं. घासाबरोबर गिळलं. भीती टोळीची होती, ती टोळीबरोबर गेली. ही दुसरी भीती गेली नाही. ही कपाशीबरोबर परत उगवते.

मास्तर गेल्या आठवड्यात आले. तुरुंगातून सुटले ते पूर्णेला गाडी बदलून परभणीपर्यंत, मग तिथून कुणाच्या तरी बैलगाडीनं. मी भेटायला गेलो तेव्हा खोलीत बसले होते, गाल आत गेलेले. भिंत कोरी. चित्राचं विचारलं तर म्हणाले, सरकार जायच्या आधी ठाण्यातली कागदपत्रं मागच्या अंगणात जाळली, त्यात गेलं असंल. म्हणजे त्या फुलाबद्दल जगात आता एकच कागद उरला आहे, तो माझा. जाळायला पाहिजे होतं ते राहिलं.

मी म्हटलं, "मास्तर, ते पत्रक—"

"म्हाईत हाय. 'होय' लय येळा लिव्हतूस तू. वळखू येतं." मग, "आत रोज इचारायचे, कोन लिव्हलं म्हून. मी सांगितलं न्हाई. तुला बी आत टाकलं असतं, तर तिथं बसून दुसरा अर्थ लिव्हला असतास."

मास्तर बाहेर बघत म्हणाले, "बाबूमियाँचं दार दिवसा का बंद हाय? रंग मागायला गेलतो. आत माणसं हायत, पर उघडंनात."

"घाबरलेत."

"कुणाला?"

मला उत्तर येत होतं. टोळ्या गेल्या, मग आमच्यातलेच काही काठ्या घेऊन त्या गल्लीत फिरले. पत्रकात मी त्याला 'लोकांचा संताप' म्हटलं असतं. मास्तरांपुढे म्हणवेना.

"आपल्याला," मी म्हटलं.

मास्तरांनी डोळे मिटले.

काल चावडीपुढे सत्काराची सभा होती. त्याच सभेला मी त्या रस्त्यानं मान खाली घालून चाललो होतो. मांडव, लाउडस्पीकर, झेंडूचे हार. अध्यक्षांनी माझं नाव घेतलं, 'निर्भय तरुण' म्हणाले, आणि माझ्या गळ्यात हार पडला. पुढच्या रांगेत काशीनाथअप्पा, बायकांत आत्या आणि गिरजाकाकू. मास्तर मागे, खांबाला टेकून.

मी उभा राहिलो. तयार करून आणलेलं भाषण खिशात होतं. ते काढलं नाही. म्हटलं, मास्तरांना पकडून दिलं ते माझ्या पत्रकानं. ते मी लिहिलं. अमीननी विचारलं, कोणी लिहिलं, तेव्हा मी तिथेच होतो आणि शाईचं बोट मुठीत धरून गप्प राहिलो. मी भ्यालो होतो. आज त्या गल्लीत बाबूमियाँ दार लावून बसलाय, तोही तसाच भ्यालाय, आणि त्याला भेवडावणारे आपण आहोत. एवढं बोललो. हार काढून टेबलावर ठेवला.

टाळी वाजली नाही. एक-दोघं उठून उभे राहिले, रागानं. 'खाली बसवा त्याला' असंही कुणी म्हणालं. मी गिरजाकाकूकडे बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही. अध्यक्षांनी घाईनं घंटी हातात घेतली, पुढचं नाव पुकारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक म्हातारा उठला. त्याला मी नावानं ओळखत नाही. पागोटं काढून हातात घेतलं आणि मांडवाला उद्देशून म्हणाला, "मी बी विहिरीत लपलो हुतो. धाकल्या सुनंला वरच सोडून." आणि उभाच राहिला. मग बायकांतून एक आवाज आला, "आमी लेकराच्या तोंडावर हात दाबला हुता, जरा जास्तच दाबला." मग काशीनाथअप्पा उठले, धोतराचा सोगा धरून.

अध्यक्ष घंटी वाजवत राहिले. कुणी थांबेना.